एका खुर्चीपुरती रोषणाई

४ ऑक्टोबर

प्रिय चिंगी,

पाकीट बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोन सोडून वहिनीला कागद-पेनाची कुठून उपरती झाली म्हणशील, तर आमच्या दोघांत एकच फोन आहे आणि तो आता आलेला प्रत्येक निरोप मोठ्यानं वाचून दाखवतो. तुझ्या दादाच्या डोळ्यांसाठी तशी सोय करून घेतली. बोलायचं म्हटलं तर जन्मभर लिफ्टचे आवाज ऐकून बिघाड सांगत आलेला माणूस तो. मी मोरीत पुटपुटले तरी बाहेरच्या खोलीतून उत्तर येतं. पत्र मात्र त्याला वाचता येत नाही. हे लिहिताना माझी मलाच लाज वाटली, पण आहे ते असं आहे.

मागच्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला बाहेर बसवून मला एकटीला आत बोलावलं. म्हणाल्या, उरलीसुरली नजर फार तर वर्षअखेरीपर्यंत. मी विचारलं, पुढे? त्या म्हणाल्या, पुढचं सांगता येत नाही, आणि टेबलावरचे कागद नीट लावायला लागल्या. त्यातच काय ते कळलं. त्याला मी काही सांगितलेलं नाही. तो इमानेइतबारे थेंब घालतो आणि फरक वाटतोय म्हणतो. मी मान हलवते, मग ती त्याला दिसली असेल की नाही या शंकेनं वर 'हो' पण म्हणते. रात्री पाठ करून झोपते, कारण चेहरा सरळ ठेवून ठेवून गाल दुखतात.

आता कामाचं. नाताळला आमच्याकडे काय असतं ते तुला ठाऊक आहे. खिडकीला एक माळ, तिच्यातले निम्मे दिवे रुसलेले, आणि दारावर कागदाचा तारा. कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरच्या बंगल्यावर मात्र दिवाळखोर होईपर्यंत दिवे. जेवणं झाली की आम्ही फिरायला म्हणून निघायचो ते थेट त्याच्या फाटकाशी. तुझा दादा तिथे खांबासारखा उभा राहायचा आणि म्हणायचा, एकदा आपणही करू. ते एकदा आता करायचं आहे. पुढच्या अंगणात, गच्चीवर, जमेल तिथे. पोटभर बघून घेऊ दे त्याला. नंतर जे अंधारात बसायचं आहे त्यात निदान हे आठवायला असेल.

तू नाट्यगृहात दिवे सांभाळतेस, तेव्हा तूच सांग काय घ्यायचं. दुकानदार कंट्रोलर म्हणतो, प्रोग्रॅम म्हणतो, सगळं माझ्या डोक्यावरून जातं. मला पडद्याच्या चुण्या कळतात, बाकी आनंद आहे. उत्तर मी पडदे शिवते त्या शिवणखोलीच्या पत्त्यावर टाक. तिथल्या बायका दुसऱ्याचं पत्र फोडत नाहीत, नुसता वास घेतात.

तुझी
वहिनी


११ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मी वेडेपणानं प्रयोग चालू असताना उघडलं. एक दिवा वेळेवर लावायचा राहिला आणि नायकाला दोन वाक्यं अंधारात बोलावी लागली. नंतर त्यानं मला यथेच्छ झापलं. मी तोंड उघडलं असतं तर तिथेच बसून रडले असते.

दादाला सांगायला हवं होतंस असं वाटतं गं. पण तुझ्या जागी मी असते तर मीही मूग गिळूनच बसले असते, म्हणून तो विषय इथेच सोडते.

आता ऐक. आमच्याकडे दिवे लावायच्या आधी प्रेक्षकांच्या खुर्चीत जाऊन बसतात. तूही तेच कर. दादा कुठे बसून बघणार ते आधी ठरव. तिथे खुर्ची ठेव, तीत बस आणि मग समोर काय हवं ते बघ. रस्त्यावरून जाणाऱ्यांना काय दिसेल याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. आपल्याला एका खुर्चीपुरती रोषणाई करायची आहे.

लुकलुकणारी जाळी, भिंतीवर बर्फाचे ठिपके फिरवणारं यंत्र, बारकी हरणं, यातलं काहीही घेऊ नकोस, दुकानदार पाया पडला तरी. त्याच्या डोळ्यांना त्याचा नुसता चिखल दिसेल. मोठे आणि साधे आकार घे आणि दोन आकारांच्या मधे भरपूर काळोख सोड. माळा मात्र प्रोग्रॅमच्याच घे. त्यातल्या प्रत्येक दिव्याला कधी पेटायचं, कुठल्या रंगात आणि किती हळू, ते वेगळं सांगता येतं. ते सगळं मी इथे बसून रचीन आणि एका चिमुकल्या कार्डावर पाठवीन. डब्याएवढा कंट्रोलर येतो, त्यात कार्ड सरकवायचं आणि बटण दाबायचं, संपलं. तुझ्या शिवणयंत्रापेक्षा सोपं आहे.

फक्त एक तपासून कळव. संध्याकाळी त्याला खुर्चीत बसव आणि अंगणातून एकेक रंग लावून दाखव. कुठला नीट दिसतो, कुठला पुसट, ते विचार. रंगाचं नाव तू आधी घेऊ नकोस.

तुझी
चिंगी


२३ ऑक्टोबर

प्रिय चिंगी,

लाल! तुझ्या दादाला लाल अजून स्वच्छ दिसतो. तू सांगितलंस तशी अंगणात उभी राहून मी एकेक रंग लावला. पिवळा लावला तर म्हणाला पुसट. निळा लावला, पुसट. लाल लावला आणि थोडं थांबून म्हणाला, हा दिसतो, हा छान दिसतो. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले जरा वेळ. मग खात्रीसाठी पुन्हा विचारलं, तर म्हणाला, आता एक काम कर, सगळं लालच करू या, बाकीचे रंग गेले उडत.

शनिवारी त्याला घेऊनच दुकानात गेले. चिंगे, काय मजा केली म्हणून सांगू! प्रत्येक वस्तूवरून हात फिरवून पसंत-नापसंत. तारेच्या हरणाची मान चाचपून म्हणाला, ही नंतर जोडलेली आहे, पहिल्याच वाऱ्यात मुंडी रस्त्यावर जाईल. दुकानदाराचं तोंड बघण्यासारखं झालं. एक म्हातारा होता गाडीत बसलेला, लाल टोपीवाला, बटण दाबलं की हात हलवणारा. तुझा दादा त्याच्या आतल्या मोटरीला कान लावून म्हणाला, हा चार दिवसांचा सोबती आहे, याला दवाखान्यात न्या. मी हसून हसून तिथल्या पायरीवर बसले. किती दिवसांनी हसले असेन.

शेवटी घेतलं ते असं. फाटकापासून दारापर्यंत पायवाटेवर उभ्या करायच्या कमानी, त्या त्यानंच एकेक हलवून निवडल्या. माझ्याहून उंच असा पंख पसरलेला देवदूत. आणि एका खांबावरून चहूकडे माळा सोडायच्या, की त्याचं झाड होतं. गच्चीवरचा तारा दुकानातला घेतला नाही, सगळे ताटाएवढे होते. आमच्या शिवणखोलीत पडून राहिलेल्या पडद्यांच्या नळ्या जोडून मी तो स्वतः करणार आहे, चांगला दरवाजाएवढा. ताऱ्यासाठी माळा तुझ्याकडून हव्यात. तोवर बाकीच्यांचं कार्ड धाड.

त्याची वेताची खुर्ची पुढच्या खिडकीशी सरकवली आहे. मी तीत बसून बघितलं. तुझं खरं आहे, तिथून जग वेगळं दिसतं.

तुझी
वहिनी


३० ऑक्टोबर

चिंगे,

ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या असतील तर समजून घे. पुठ्ठ्याची पट्टी धरून लिहितोय आणि पट्टी सरकली की मला कळत नाही. पत्ता कामाच्या जुन्या इमारतीतल्या पहारेकऱ्याकडून लिहून घेणार आहे. तुझी वहिनी शिवणखोलीत गेली आहे. फोन दोनदा उचलला होता, पण तुझा आवाज आला की मी हवापाण्याच्या गप्पा मारून ठेवून देईन, माझा मला भरवसा नाही. कागद समोरून बोलत नाही हे बरं आहे.

मला दिसत नाही. कमी दिसतं असं नाही, दिसतच नाही. उन्हाळ्यापर्यंत खिडकीचा चौकोन कळायचा. नंतर उजेड आहे एवढं कळायचं. आता तेही गेलं. डॉक्टरीणबाई विचारतात तेव्हा मी ठोकून देतो. त्या वहिनीला काय म्हणाल्या मला ठाऊक नाही, पण तिच्या मनात मला अजून थोडं दिसतंय हे पक्कं आहे.

घरात मी वावरतो त्याचं काही कौतुक नको. बंद पडलेल्या लिफ्टच्या खड्ड्यात उतरून काम करणाऱ्याला अंधार नवा नाही. कुठे काय वाजतं त्यावरून कळतं. तिचं तोंड कुणीकडे आहे ते कळतं, हातात काय आहे ते कळतं, रडून आली असेल तर तेही कळतं.

मी तिला सांगणारच होतो. तेवढ्यात तिनं हे दिव्यांचं काढलं. चिंगे, तुला आठवत असेल, त्या दातांच्या डॉक्टरच्या फाटकावरून तिला ओढून आणावं लागायचं. पाय निघत नसे तिचा. तिची ती हौस मी एकदाही पुरवली नाही. तिचं मन राहावं म्हणून 'एकदा आपणही करू' म्हणायचो आणि पुढचं वर्ष आलं की विसरायचो. आता ती ताटावर बसल्या बसल्या देवदूताच्या पंखांचं वर्णन करते, खळखळून हसते. या घरात हसणं बंद पडलं होतं गं. मी आता तोंड उघडलं तर ते सगळं जागच्या जागी मरेल. नाताळ होऊ दे, मग सांगेन.

रंगांची परीक्षा झाली तेव्हा धाबं दणाणलं होतं. दोनदा पुसट म्हटलं आणि तिसऱ्याला, आता काहीतरी दिसायला हवं म्हणून, दिसतो म्हटलं. तिच्या तोंडून 'लाल!' असं निघून गेलं, म्हणून मला कळलं की मला लाल दिसतो. तेव्हा तुझ्याकडे मागणं असं की सगळं लालच ठेव, रंग अजिबात बदलू नकोस, म्हणजे माझी फजिती होणार नाही. आणि आधी काय पेटतं, मग काय, मधे किती थांबायचं, हे मला दुपारी फोनवर सांग. मी पाठ करीन. तुझे नट करतातच की.

नाही म्हणू नकोस. आणि वहिनीला अवाक्षर बोलू नकोस.

दादा


७ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

कार्ड सोबत आहे. तू सांगितलंस तसं सगळं लाल केलं आहे. आधी फाटकाजवळची कमान, मग एकेक करत दारापर्यंत, मग जरा थांबून देवदूत, आणि शेवटी झाड खालून वर. ताऱ्याची जागा सगळ्यांच्या शेवटी राखून ठेवली आहे.

एक सुचवू का? कमानींना बारीक घंटा लावल्या तर वाऱ्यावर छान वाजतील. देवदूताच्या पंखांना शिवणखोलीतली एखादी जाड मखमल लाव, हाताला बरी लागेल. नाही तरी रोषणाई म्हणजे काही नुसते दिवेच नव्हेत. आणि घाट फार मोठा घालू नकोस गं. दमशील.

जमलं तर दादाशी एकदा मोकळेपणी बोल. दिव्यांचं सोडून.

तुझी
चिंगी


१५ नोव्हेंबर

प्रिय चिंगी,

घंटा? मखमल? मी तुझ्याकडे डोळ्यांसाठी काहीतरी मागते आणि तू मला वाजवायला नि चोळायला सुचवतेस! पत्रही एवढंसं, तुटक. तुझे प्रयोग जोरात असतील, आमचा कंटाळा आला असेल. तसं असेल तर सरळ सांगावं वन्संबाईंनी, वहिनी काही हट्ट धरून बसणार नाही.

पण जाऊ दे, भांडायला आज मला वेळ नाही, कारण बातमीच तशी आहे. काल संध्याकाळी कार्ड घालून कमानी, देवदूत आणि झाड लावून बघितलं. तुझा दादा खुर्चीत, मी त्याच्या शेजारी उभी. बटण दाबलं आणि चिंगे, तो माझ्या आधी सांगत होता! आली बघ पहिली कमान, म्हणाला. मग दुसरी. शेवटच्या कमानीनंतर मला वाटलं संपलं, तर हा म्हणतो, थांब, आता देवदूत येईल. आणि आला! झाड तर खालून वर चढताना त्यानं हातानं दाखवलं, असं, असं, वर. मी त्याच्या डोळ्यांकडे बघत होते. त्यात ते लाल दिवे दिसत होते, एकेक.

आता हसू नकोस, पण मला वाटतं डॉक्टरीणबाईंचं काहीतरी चुकलं असेल. थेंबांचा गुण येत असेल. उन्हाळ्यात त्याला चमचा सापडत नव्हता आणि आता तो देवदूत ओळखतोय! मी जानेवारीची वेळ घेऊन ठेवली आहे. रात्रभर झोप लागली नाही, आणि या वेळी चांगल्या कारणानं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला पुढच्या वर्षाचा विचार करावासा वाटला.

ताऱ्याचा सांगाडा तयार आहे. माळा लवकर पाठव.

तुझी
वहिनी


२६ नोव्हेंबर

वहिनी,

ताऱ्याच्या माळा आणि नवं कार्ड पाठवते आहे. जोडणी सोपी आहे, खोक्यावर बाण आहेत. इथे नवं नाटक उभं राहतंय, श्वास घ्यायला फुरसत नाही.

डॉक्टरांचं म्हणतेस ते वाचलं. एवढ्यात मनाशी काही धरून बसू नकोस गं. एवढंच सांगते.

चिंगी


९ डिसेंबर

चिंगी,

तारा हिरवा पेटला.

रविवारी शेजारच्या काकांनी शिडी धरली आणि मी तो गच्चीच्या कठड्याला बांधला. संध्याकाळी तुझा दादा खुर्चीत बसला, शेजारच्या काकू मुद्दाम बघायला आल्या. कमानी आल्या, देवदूत आला, झाड आलं, सगळं लाल. आणि शेवटी वर तो एवढा मोठा तारा आला तो हिरवागार. मी म्हणणार होते, अगं बाई हे काय, तेवढ्यात तुझा दादा हात पसरून म्हणाला, वा! काय लाल आहे! नुसता निखारा!

काकू म्हणाल्या, अहो लाल कुठला, हिरवा आहे तो, पण शोभतोय. तुझा दादा एका क्षणाचाही वेळ न घालवता म्हणाला, हो हो, हिरवाच, मी लाल म्हणालो का? आणि हसला. त्याचं ते हसू मी बघितलं.

तरी मी मनाला समजावलं. हिरवा त्याला लालसारखा दिसत असेल, डोळ्यांचं काय सांगता येतं. दोन दिवस असंच स्वतःला फसवलं. मग काल मी जे केलं ते चांगल्या बायकोनं करू नये. सगळ्या माळांच्या पिना कंट्रोलरमधून काढून टाकल्या. कंट्रोलरला वीज देणाऱ्या डब्यात एक पंखा आहे, तो घरघरतो. तेवढा चालू ठेवला. अंगणात मिट्ट काळोख. तुझ्या दादाला हाक मारली, म्हटलं, ये, लावलेत दिवे.

तो येऊन बसला. पंख्याचा आवाज लागला तसं त्यानं तोंड खिडकीकडे केलं. म्हणाला, आली पहिली कमान. थोडं थांबून, दुसरी. सगळ्या कमानी झाल्या. मग जरा थांबला, बरोबर तेवढाच, आणि म्हणाला, हा बघ देवदूत. आज पंख किती उजळलेत. मग हातानं झाड दाखवलं, असं, असं, वर. शेवटी म्हणाला, आणि हा आपला तारा, हिरवा. समोर काही नव्हतं चिंगे. काचेत आमची दोघांची पुसट सावली होती आणि तिच्याकडे बघून तो मला तारा दाखवत होता. मी म्हटलं, हो, सुंदर आहे. मला आणखी काय म्हणता आलं असतं?

रात्रभर विचार केला. हा क्रम आणि त्यातलं ते थांबणं माझ्याखेरीज जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. तू त्याला शिकवलंस. घंटा, मखमल, सगळं आता लक्षात येतंय. मी तुला नजर सुधारतेय म्हणून लिहिलं, झोप लागली नाही म्हणून लिहिलं, आणि तू वाचून गप्प बसलीस. मला तोंडावर मारायचं होतंस त्यापेक्षा. आणि हा हिरवा तारा तरी मुद्दाम पाठवलास का, मला समजावं म्हणून?

वहिनी


१५ डिसेंबर

वहिनी,

मला ठाऊक होतं. ऑक्टोबर संपता संपता त्यानं मला लिहिलं आणि तुला सांगू नकोस म्हणून बजावलं. उन्हाळ्यानंतर त्याची सगळीच नजर गेली होती. त्याला वाटतं ही हौस तुझी आहे. त्या फाटकावरून तुझा पाय निघत नसे असं तो म्हणतो. घरात तुझं हसणं परत आलं, ते त्याला मोडायचं नव्हतं. दुपारी तू शिवणखोलीत असताना मी फोनवर त्याच्याकडून क्रम घोकून घेत होते. तो फार मन लावून शिकायचा. एकदा थांबण्याचा अंदाज चुकला तर पुन्हा पहिल्यापासून म्हणून दाखवायचा.

हिरवा तारा मी मुद्दाम पाठवला असता तर आज निदान मान वर करून लिहिता आलं असतं. तेवढी हिंमत माझ्यात नव्हती. ताऱ्याच्या माळा नव्या गठ्ठ्यातल्या होत्या. कंपनी बदलली की आत लाल आणि हिरव्याची जागा कधी कधी उलटी असते, लाल सांगितलं की हिरवा पेटतो. आमच्याकडे शिकाऊ माणसालाही पहिल्या दिवशी सांगतात, माळ बाहेर देण्याआधी एक दिवा लावून बघायचा. मी खोकं उघडलंच नाही. त्या दिव्यांकडे बघायचं माझ्यानं होत नव्हतं, म्हणून तसंच बांधून टाकलं.

तू मला वाटेल ते बोल. पण आता त्याच्याशी बोल गं. तुम्ही दोघं एकमेकांसाठी एकेक नाटक करत बसलात आणि दोन्हीकडचे दिवे माझ्या हातात. मला हे आता पेलत नाही.

चिंगी


२७ डिसेंबर

प्रिय चिंगी,

रागावून रागावून दमले. तुझ्यावर राग धरायलाही अंगात जोर लागतो.

तारा मी हिरवाच ठेवला. नाताळच्या संध्याकाळी सगळं लावलं, खरोखरीचं लावलं. रस्त्यावर माणसं थांबत होती. दातांचा डॉक्टर बायकोला घेऊन आमच्या फाटकाशी उभा राहिला, तो म्हणे पुढच्या वर्षी आमच्याकडून शिकणार आहे. तुझा दादा खुर्चीत बसून त्याला हात करत होता, चुकीच्या बाजूला. मला वाटलं, आता पुरे.

माणसं गेल्यावर मी त्याच्या शेजारी बसले आणि म्हटलं, मला ठाऊक आहे. तो म्हणाला, कधीपासून? मी म्हटलं, ताऱ्यापासून. तो म्हणाला, मला वाटलंच, त्या दिवसापासून तू चालताना पाय जपून टाकतेस. डॉक्टरीणबाईंचंही मी सांगून टाकलं. थोडा वेळ आम्ही दोघंही रडलो, आणि मला वाटलं, चला, निदान खोटं तरी संपलं. तू लिहिलंस तसं बोलून झालं.

पण मला एक विचारायचं होतंच. ज्या दिवशी मला समजलं, त्या दिवसापासून तेच एक डोक्यात आहे. मी त्याच्या शेवटच्या बघण्यासाठी ही सगळी धडपड करत होते आणि शेवटचं बघणं केव्हाच होऊन गेलं होतं. त्या दिवशी मी काय करत होते? त्याच्याकडे पाठ करून भांडी घासत होते, की कुठल्यातरी क्षुल्लक गोष्टीवरून त्याच्यावर खेकसत होते? मी विचारलं, तू मला शेवटची कधी बघितलीस?

तो म्हणाला, खरं सांगू, माहीत नाही. रोज थोडं थोडं जात होतं आणि रोज मला वाटायचं, ही दिसतेय की आख्खी. बाकीचं पुसट होत गेलं तरी तुझा चेहरा स्वच्छच राहिला. मग एकदा तू समोरून बोलत होतीस, मी तुझ्याकडे बघून हसलो आणि तुझा आवाज दाराकडे निघून गेला तरी चेहरा समोरच राहिला. तेव्हा कळलं की मी आठवणीतून बघतोय. किती दिवस तसं बघत होतो, कोण जाणे.

आणि मग मला बरं वाटावं म्हणून म्हणाला, पण तू मला आत्ताही दिसतेस. सांगू कशी? आणि त्यानं सांगितलं. केस दाट, काळे, कानामागे खोचलेले. गाल भरलेले, हसलीस की डोळे बारीक होतात. सगळं इतकं बारकाईनं सांगितलं, जसं समोर बघून सांगावं. चिंगे, ती मी नाही. ती मी कधीकाळी होते. या एका वर्षात माझे पुढचे केस पांढरे झाले, निम्मे गळाले, गाल आत गेले. शिवणखोलीतल्या बायका मला विचारतात, बाई, तुला काय झालंय. त्याला यातलं काही ठाऊक नाही. तो त्या दुसऱ्या बाईकडे बघून प्रेमानं हसत होता आणि मी तिच्या जागेवर बसले होते.

बरोबर सांगितलं ना, म्हणाला.

मी म्हटलं, अगदी बरोबर.

त्याला फार आनंद झाला. हात पुढे करून तो माझा चेहरा शोधायला लागला. त्याची बोटं गालाला लागणार तेवढ्यात मी तो हात वाटेतच धरला. म्हटलं, केवढा गार पडलाय हात, चल, आतल्या खोलीत जाऊ. त्याला काही कळलं नाही. हात धरून मी त्याला आत आणलं.

काल त्यानं पुन्हा हात पुढे केला आणि मी पुन्हा धरला. आज सकाळीही. आता मी त्याला चेहऱ्याला हात लावू देत नाही.

तुझी
वहिनी